तळ्यातला ऊस

आमच्या दाजींना एका जागी स्वस्थ बसलेलं पाहणारा माणूस बेळगावपासून निपाणीपर्यंत शोधला तरी सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. जेवताना त्यांचा एक गुडघा ताटाशी असतो आणि दुसरा उठायच्या तयारीत. हिंडलग्याला आमच्याकडे आले की चहासुद्धा गच्चीवर उभ्यानंच पितात आणि माणसांच्या आधी ढगांची चौकशी करतात. नोकरीच तशी आहे म्हणा. उपग्रहानं वरून काढलेली चित्रं संगणकावर तपासायची आणि त्यातली तळी, ओढे, जुनी देवळं, किल्ल्यांचे बुरूज नकाशात भरायचे, म्हणजे उद्या कुणी ते बुजवायला किंवा पाडायला निघालं तर इथं हे आहे असं ठणकावून सांगता येतं. काम खुर्चीतलं आहे. पण चित्रात जरा काही वेगळं दिसलं की खुर्ची रिकामी आणि मोटारसायकल रस्त्याला.

वरून बघायची ही खोड त्यांच्या अंगात इतकी मुरली आहे, की त्यांच्या भाचीला काकतीचं स्थळ सांगून आलं तेव्हा आम्ही मुलाची चौकशी करत होतो आणि दाजी छपराची. पत्रे नवे आहेत, विहीर उन्हाळ्यातही भरलेली दिसते, पण घरामागच्या परड्यातली मोठी चिंच दोन वर्षांत गायब झाली आहे, तेव्हा माणसं झाडं तोडणारी असावीत, असं त्यांनी घरबसल्या सांगून टाकलं. पुढं कळलं, चिंचेवर वीज पडली होती. लग्न झालं, भाची सुखात आहे, पण दाजी अजून तिच्या सासऱ्यांशी चिंचेचा विषय काढतात. एकदा निपाणीकडच्या एका माळावर त्यांना तपकिरी चौकोनांची सरळ ओळ दिसली. जुन्या वस्तीचा पायाच असणार म्हणून मला मागे बसवून भर उन्हात तिकडे गेले. पोचलो तर तंबाखू वाळत घातलेली. राखणीच्या बाईनं काय हरवलंय का म्हणून विचारलं. मी शिंकून शिंकून बेजार झालो होतो. दाजी मात्र जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "पाया न्हाय, व्हय. पण आखणी बघा की पाव्हणं, कसली सरळ हाय."

अशा माणसाच्या हातून एक दिवस भलतंच घडलं. कंग्राळीच्या पलीकडं त्यांचं गाव आहे. तिथलं तळं गेली काही वर्षं केंदाळानं इतकं भरलं होतं, की पाण्याचा थेंब दिसत नव्हता. संगणकाला वरून दिसला तो हिरवागार चौकोन, त्यानं त्याला ऊस ठरवलं. दाजींनी दुसऱ्यांच्या गावची तळी तपासताना डोळ्यात तेल घातलं होतं, पण आपलं गाव काय, माहीतच आहे, म्हणून ते पान न बघताच पुढं ढकललं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. तळ्याला लागून प्लॉट पाडणाऱ्यांनी तोच नकाशा पुढं केला. इथं तळं नाहीच, ऊस आहे, मग भराव घालायला हरकत कसली, असं त्यांचं म्हणणं. दाजींच्या साहेबांनी सांगितलं, नकाशा चित्रावरून काढलाय, तर दुरुस्तीही चित्रावरूनच होईल. भरावाला परवानगी द्यायची का, हे ठरवणाऱ्या बैठकीच्या आत वरून पाणी दिसलं पाहिजे.

झालं. दाजींची झोप उडाली, आणि त्यांनी आमचीही उडवली. महिना भाद्रपदाचा. बैठकीआधी उपग्रह एकदाच डोक्यावरून जाणार होता, तोही गौर आणायच्या दिवशी सकाळी. बायका गौर आणायला त्याच तळ्यावर जातात, केंदाळ बाजूला सारून कसाबसा तांब्या बुडवतात. दाजी दारोदार फिरले. चूक माझी आहे, मला केंदाळ काढू लागा, असं ज्याला त्याला सांगत होते. मला त्यांची दया आली आणि थोडा अभिमानही वाटला. गावानं आधी मनसोक्त टिंगल केली आणि मग ट्रॅक्टर, दोर, दाताळी घेऊन तळ्यात उतरलं. शेतात पिकं उभी, पाऊस हवा होता, आणि हा एकटा माणूस काठावर चिखलात येरझाऱ्या घालत देवाकडं उन्हाची भीक मागत होता. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "ऊन माग बाबा, पर न्याहारीपुरतं माग."

त्या सकाळी आक्का आणि गावच्या बायका कळशा घेऊन मोकळ्या पाण्यापाशी आल्या तेव्हा आभाळ गच्च होतं. मग कंग्राळीच्या बाजूनं जरासं फाटलं, तळ्यावर ऊन पडलं, आणि दाजींनी सगळ्यांना जागचं न हलण्याची ताकीद दिली, जणू फोटोवालाच समोर उभा आहे. पुन्हा झाकोळून आलं तोवर उपग्रह निघून गेला होता.

चित्र आलं तेव्हा मी त्यांच्या घरीच होतो. ढगांच्या मधोमध काळपट, नितळ चौकोन. तळं वाचलं होतं. आक्का पदराला हात पुसत आली आणि तिनं विचारलं, "अवो, ह्यात आम्ही कुठं हाव?"

दाजी म्हणाले, "माणसं दिसत न्हाईत गं एवढ्या वरनं. पाणी तेवढं दिसतंय."

मग ते चित्र मोठं करत गेले, आणखी मोठं, शेवटी नुसते रंगीत चौकोन उरले. मी विचारलं, आता काय शोधताय. पूर्वेच्या काठावर एक सपाट दगड आहे, त्यावर त्यांची आई धुणं धुवायची आणि हे पाण्यात पाय सोडून शेजारी बसायचे, असं त्यांनी हळूच सांगितलं. तेवढा दगड या चित्रात दिसणार नाही, हे त्यांच्याहून चांगलं कुणाला ठाऊक? तरी त्या कोपऱ्यावरून त्यांची नजर हटेना. आक्का जेवायला दोनदा हाक मारून गेली, ताटं वाढून झाली, आणि दाजी त्या खुर्चीत तसेच बसून राहिले.