तीस दसऱ्यांची तलवार

१८ जानेवारी, शनिवार. सकाळी बारा डिग्री फॅरनहाइट. कालचा बर्फ ड्राइव्हवेवर गोठलेला, वारा अजिबात नाही.

माझ्या वहीत उजव्या पानावर तलवारीची मोजमापं असतात: पात्याची लांबी, जाडी, मुठीच्या भोकाचा व्यास. डावं पान रिकामं सोडायचं असं ठरवलं होतं. पण ओहायोतल्या या डब्लिन गावात आम्ही चौघं जपानी लष्करी तलवारी बघायला जमतो, तेव्हा मोजण्यासारखं थोडं आणि बोलण्यासारखं फार असतं. सात वर्षांत डावी पानं भरली. उजवी अजून शिल्लक आहेत.

चौघं म्हणजे मी, नागपूरचा प्रसाद, रिटायर्ड भूलतज्ज्ञ डॉक्टरकाका आणि वॉल्टर. वॉल्टर ऐंशीचा, इथलाच. खरी तलवार कोणती आणि बनावट कोणती हे आमच्यात त्यालाच कळतं. आम्ही आखूड तलवारींच्या मागे आहोत. हातभर लांबीच्या, लष्करी म्यानात बसवलेल्या. लांब तलवारी आमच्या बेसमेंटांत मावत नाहीत, असं प्रसाद म्हणतो.

पैकी डॉक्टरकाकांची गोष्ट वेगळी. आम्ही तलवारी विकत घेतल्या, त्यांना मिळाली. तीस वर्षांपूर्वी हॅरल्ड नावाच्या म्हाताऱ्या पेशंटने ऑपरेशननंतर ती त्यांच्या हातात ठेवली. ‘एका जपानी अधिकाऱ्याने शरण येताना दिली होती. माझ्याकडून झालं नाही, जमलं तर तू ती घरी पोचव.’ काका हो म्हणाले. मग नोकरी, मुलं, घर. आता ते एक्क्याऐंशीचे, उन्हाळ्यात मुलाकडे अल्फारेटाला कायमचे जाणार. सुनेने फोनवर स्पष्ट सांगितलंय, "बाबा, वेपन घरात नको."

जपानमध्ये हाताने घडवलेली जुनी तलवारच आत घेतात. कारखान्यातली असेल तर कस्टम्समध्येच नष्ट करतात. म्हणजे आधी ती खरी आहे का, हे ठरायला हवं. "आणि खोटी निघाली," काका म्हणतात, "तर हॅरल्ड मला खोटं बोलला, आणि मी तीस वर्षं प्रत्येक गणपतीत तेच खोटं सांगत आलो!"

*

प्रसादने पहिली तलवार ऑनलाइन घेतली. गार्डवर, म्हणजे मुठीपुढच्या आडव्या चकतीवर ६४१, पात्यावर ६४१.

"नंबर मॅच होतो की, यार! सगळे पार्ट ओरिजिनल!"

तीन महिन्यांनी प्रसादने दुसरीकडून आणखी एक घेतली. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या. दुसरीवरही ६४१.

वॉल्टरने चष्मा काढून पुसला. "या अधिकाऱ्याला जुळा भाऊ असावा."

*

उघड्या पात्यासमोर बोलायचं नाही, हा वॉल्टरचा नियम. थुंकीचा अदृश्य तुषारही पोलादावर बसला तर गंज धरतो. पहिल्या दिवशी काका हॅरल्डची गोष्ट सुरू करणार, तोच वॉल्टरने प्रत्येकाच्या ओठांत टिश्यू पेपरची घडी दिली.

आम्ही चौघं अर्धा तास तोंडात कागद धरून बेसमेंटमध्ये बसलो. वरून शोभाकाकू, म्हणजे डॉक्टरकाकांच्या सौभाग्यवती, धावत खाली आल्या.

"काय झालं? भांडलात का?"

काकांनी कागद काढायच्या आत त्याच म्हणाल्या, "चाळीस वर्षांत यांना एवढं गप्प बसलेलं पाहिलं नाही हो! वॉल्टर, तो कागद आणखी आहे का?"

*

वॉल्टरने काकांना पात्याला लावायचं तेल दिलं. त्याला लवंगेचा वास. बाटलीवर सगळं जपानीत. काकूंनी वास घेतला आणि बाटली औषधांच्या कपाटात ठेवली. लवंगेचं तेल घरात कशासाठी असतं, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

पंधरा दिवसांनी वॉल्टरने विचारलं, "डॉक, तेल लावतोस ना?"

"रोज," काका गालाला हात लावून म्हणाले. "दाढ तशीच दुखते. गंज मात्र चढला नाही!"

*

आता माझी चूक. एका घरगुती सेलमध्ये आखूड तलवार होती, लेदरचं म्यान, मूठ घट्ट. मी फूटपट्टी काढली. पातं माझ्या पुस्तकातल्या मापापेक्षा नऊ मिलिमीटर कमी. चक्क खोटी! मी परत जागेवर ठेवली.

वॉल्टर माझ्या मागेच उभा होता. त्याने ती उचलली, उजेडात तिरकी धरली, आणि घेतली. पुढे ती चारशे वर्षांपूर्वीची निघाली. कुणीतरी लष्करात जाताना घराण्यातल्या जुन्या तलवारीला नवं म्यान करून घेतलेलं असणार.

"पण माप चुकीचं होतं," मी म्हणालो.

"घडवणाऱ्याकडे तुझं पुस्तक नव्हतं," वॉल्टर म्हणाला.

त्या दिवसाचं उजवं पान कोरं आहे.

*

काकांच्या तलवारीचा निकाल गेल्या ऑक्टोबरात लागायचा होता. पात्यावरून सांगणं अवघड झालं होतं, कारण काकू दर दसऱ्याला तिची पूजा करतात. "शस्त्र घरात आहे म्हटल्यावर पूजा नको?" ओली हळद, ओलं कुंकू, वर पाण्याचा थेंब. तीस दसऱ्यांचे तीस डाग.

"काळजी नको," वॉल्टर म्हणाला होता. "मूठ कधी उघडलेली नाही ना? मग पुरे." मुठीच्या आत पात्याचं जे शेपूट असतं, त्याच्यावरचा गंज हा तलवारीचा जन्मदाखला. गंजाचा रंग आणि पोत पाहून वय कळतं. म्हणून तो भाग कुणी कधीच घासत नाही.

हे वॉल्टरने आम्हा तिघांना दहा वेळा सांगितलं होतं. काकूंना कुणीच सांगितलं नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वॉल्टर आला. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वॉल्टरने बांबूची खुंटी काढली, मूठ ओढली आणि थांबला. तोंडात कागद होता, म्हणून काही बोलला नाही. मग कागद काढला, आणि तरीही काही बोलला नाही.

शेपूट नव्या चमच्यासारखं लख्ख होतं.

"शेवटची पूजा या घरातली," काकू म्हणाल्या. "म्हटलं, नीट करावी. परवा प्रसाद आला होता, त्याच्याकडून मूठ काढून घेतली. केवढा गंज होता आत! चिंच आणि मीठ लावून तासभर घासलं. देवाची भांडी घासते, तशीच."

सगळे प्रसादकडे बघायला लागले.

"काकू म्हणाल्या काढ, मी काढली! काकूंना नाही कसं म्हणणार, यार?"

काका खुर्चीवर बसले. वॉल्टर बॅटरी घेऊन मुठीच्या आत बघत राहिला. मग म्हणाला, "सॉरी, डॉक. आता कुणालाच सांगता येणार नाही."

मग काकूच म्हणाल्या, "आणि आतला कागद? तो नको का तुम्हाला?"

"कुठला कागद?"

"शेपटाला गुंडाळला होता, गंजाच्याच रंगाचा, घासायला घेताना दिसला. मूठ घट्ट बसावी म्हणून असेल. त्यावर अक्षरं आहेत. अक्षरं असलेला कागद कचऱ्यात टाकतात का? सरस्वतीच्या पाटावर ठेवलाय."

देवघरात पाटीशेजारी तळहाताएवढा तपकिरी कागद होता. वर मोठाली, वाकडी काळी अक्षरं. कोपऱ्यावर हळदीची तीन बोटं उमटलेली.

वॉल्टरने बायकोला फोन करून बोलावलं. मिचिकोबाई मूळच्या जपानच्या. त्यांनी कागद हातात न घेता वाकून वाचला. "शाळेतला आहे. लहान मुलीचा. सुलेखनाचा सराव. हे तिचं नाव, ही इयत्ता दुसरी, हे गाव."

"खरा आहे?" काकांनी विचारलं.

वॉल्टर म्हणाला, "तलवार खोटी करणारे मी पुष्कळ पाहिलेत. मुठीच्या आत मुलीचा गृहपाठ लपवणारा अजून पाहिला नाही."

मिचिकोबाईंनी त्या गावाच्या कचेरीत फोन केला, मग पत्र लिहिलं. काकांनी कागद दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून स्वतः पोस्टात नेला. उजव्या पानावर मी वॉल्टरने सांगितलं तसं उतरवलं: पातं ४२३ मिमी, अस्सल की नाही सांगता येत नाही, वॉल्टरच्या कपाटात. मूठ जुनी. कागद खरा.

आज उत्तर आलं. आम्ही सगळे काकांच्या स्वयंपाकघरात उभे होतो, मिचिकोबाई वाचत होत्या. ती मुलगी आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे. कागद पोचला. वडिलांनी युद्धावर जाताना तिच्या वहीतलं एक पान मागून घेतलं होतं. तिने आभार मानलेत आणि एकच विचारलंय: कोपऱ्यातली ही पिवळी बोटं कुणाची?

काकूंनी मिचिकोबाईंकडून पेन घेतलं आणि उत्तराच्या कागदावर मराठीत लिहिलं, "माझी." मग हळदीच्या डब्यात तीन बोटं बुडवून कोपऱ्यावर टेकवली.