केसरबाईचं आडनाव सुरवाडे

केसरबाई सुरवाडेच्या हातचं भरीत एकदा खाल्लं की माणूस दुसऱ्यांदा ताट पुढे करायचाच. पहूरला वस्तीत लग्नकार्य निघालं की चुलीपुढे तिलाच बसवायचे. पण तिच्या नवऱ्याचा, उखर्डूचा, पाय कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनखाली आला आणि बिऱ्हाड जळगावला हलवावं लागलं. मग ती देवचंदच्या एजन्सीत गेली. एजन्सी कसली, स्टँडजवळ एक खोली, बाहेर बाकडं आणि बाकड्यावर कामाची वाट बघणाऱ्या बाया. तिथून हा माणूस बंगल्याबंगल्यांना स्वयंपाकिणी पुरवायचा.

आडनाव ऐकलं आणि देवचंदनं पेन खाली ठेवलं.

"अक्का, या नावानं तुम्हाला ओट्याजवळ कोणी उभं करणार नाही. धुणंभांडी देतो. स्वयंपाकच करायचा असेल तर आजपासून तुम्ही पाटील."

खान्देशात पाटील इतके, की कोणी खोलात जात नाही, हा त्याचा हिशेब. आणि वर आव असा, की जसा काही उपकारच करतोय. केसरबाईच्या मनात आलं, याच्या तोंडावर पेन फेकून मारावं. पण घरात नवरा खाटेवर पडलेला. ती 'पाटीलबाई' होऊन लताबाईंच्या बंगल्यावर कामाला लागली.

लताबाई तशा वाईट नव्हत्या. हात सैल, बोलणं गोड. "पाटीलबाई, तुमच्या हाताला काय चव आहे हो," असं रोज म्हणायच्या. केसरबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चव माझी आणि नाव कोणा भलत्याचं, हे काय म्हणून? एकदा तर पाहुण्यांसमोर लताबाई म्हणाल्या, "आधीची बाई कोण कुठली निघाली, काढून टाकली. ही मात्र आपल्यातली आहे." केसरबाई आत पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं इतकं दाबलं, की पोळी पोळपाटाला चिकटून बसली.

त्यात एक्क्याण्णवचा एप्रिल आला. बाबासाहेबांची शंभरावी जयंती. देवचंदनं आधीच बजावलं होतं, चौदा तारखेला सुट्टी मागायची नाही, लोकांना लगेच कळतं. केसरबाईनं सुट्टी मागितलीच नाही. सकाळी वस्तीतल्या सगळ्या बायांसारखी कडक इस्त्रीची पांढरीशुभ्र साडी नेसली आणि आज येत नाही, हे सांगायला थेट बंगल्यावर गेली.

दार उघडताच लताबाईंनी छातीवर हात ठेवला.

"अगबाई, पाटीलबाई, पांढरी साडी? कोण गेलं? मालक बरे आहेत ना?"

केसरबाईला हसूच आलं. "कोनी गेलं नाही, ताई. आमचा सन आहे. बाबासाहेबांची जयंती. मी सुरवाडे. पाटील मले देवचंदभाऊनं केलं."

लताबाईंचा चेहरा पडला. त्यांनी तडक एजन्सीला फोन लावला. देवचंद लुनावर धापा टाकत आला, हात जोडून म्हणाला, "गैरसमज झाला ताई, दुसरी बाई देतो, अगदी खात्रीची." मग केसरबाईला बाजूला घेऊन कुजबुजला, "धुळ्याला एक घर आहे. तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. चौधरी म्हणून पाठवतो."

"मले एकच बाप होता, भाऊ," केसरबाई मोठ्यानं म्हणाली. "तुमी आनखी किती लावून देता?"

लताबाईंना तेवढ्यात उद्याची पाहुण्यांची पंगत आठवली असावी. त्या आवाज उतरवून म्हणाल्या, "हे बघ, मला स्वतःला काही नाही. तू उद्यापासून ये. फक्त शेजारीपाजारी, पाहुण्यांत पाटीलच राहू दे."

कालपर्यंत 'तुम्ही' होती, ती आडनाव कळताच 'तू' झाली. केसरबाईच्या ते बरोबर लक्षात आलं. तिचा संताप आता थंड, निवांत झाला होता.

"तीन महिने सुरवाडेच्याच हातचं जेवल्या, ताई. कोनाचं पोट दुखलं नाही. उद्या पाहुण्यांपुढे सांगा, सुरवाडेबाईनं रांधलं म्हनून. सांगाल?"

लताबाईंनी देवचंदकडे बघितलं. देवचंदनं लुनाकडे.

"मंग तुमीच रांधा," केसरबाई म्हणाली, आणि पदर खोचून मिरवणुकीला निघाली.