दोन स्पीकर की पाच

तिचे कान तिखट आहेत असं सगळेच म्हणायचे आणि तिला त्याचा गर्व होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्या गर्वापायी झालं.

घराच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून ती श्रुतिका, म्हणजे नुसती कानांनी ऐकायची नाटकं, जुळवायची. नटमंडळी स्टुडिओत आपापली वाक्यं बोलून मोकळी होत. मग त्यांच्या आवाजात जिना, दार, पाऊस, कपबशी असं काय काय मिसळून नाटक उभं करायचं हे हिचं काम. सासू डावीकडच्या खोलीतून ओरडली पाहिजे म्हटलं की ती डावीकडूनच ओरडायची. वीस वर्षं हिने हेच केलं आणि वीस वर्षांत एकदाही कुणी नावं ठेवली नाहीत. अशा माणसाला नावं ठेवून घ्यायची सवय राहत नाही.

एका मंगळवारी सकाळी ती उठली तेव्हा डाव्या कानात कापसाचा बोळा घातल्यासारखं वाटत होतं. सर्दी असेल, म्हणून तिने तिकडे कानाडोळा केला. दहा वाजता कामाला बसली तर डावा स्पीकर पुटपुटतोय. तिला चक्क हायसं वाटलं. चला, स्पीकर गेला!

मग तिने या धंद्यातलं कुणीही करील तेच केलं. डावा स्पीकर उचलून उजवीकडे ठेवला, उजवा डावीकडे. स्पीकर बिघडला असेल तर दुखणं त्याच्याबरोबर जागा बदलतं. ते बदललं नाही. मग तिने वायरींची अदलाबदल केली. तरी डावी बाजू मुकीच. स्पीकर झाले, वायरी झाल्या. एखाद्या नवख्याचा हात यानंतर आपल्या कानाकडे गेला असता. हिचा गेला नाही. ती उठली, तिने खोलीभर नजर फिरवली आणि ठरवून टाकलं की स्पीकरच जुने झालेत, आणि डावीकडची ती मोठी खिडकी उरलासुरला आवाज खाते. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण दुसऱ्यांसाठी असते असा आपल्या सगळ्यांचाच समज असतो.

तिच्या धाकट्या दिराचं स्पीकरचं दुकान होतं. त्याने दुसऱ्याच दिवशी नवी जोडी आणून लावली. दोन दिवसांनी हिने ती परत केली, डावा कमी वाजतो म्हणून. त्याने दुसरी, महागातली आणली. तीही आठवड्याभरात परत गेली. दीर बिचारा दर वेळी खोका उचलायचा आणि म्हणायचा, "दुकानात तर बरोबर वाजत होता हो, वहिनी."

मधल्या काळात एक अख्खं नाटक जुळवून गेलं. दोन्ही बाजू सारख्या वाटेपर्यंत तिने डावीकडचा आवाज चढवला आणि पाठवून दिलं. घरातही कुरबुरी सुरू झाल्या. जेवताना नवरा तिच्या डावीकडे बसायचा. "हाक मारली तर ओ सुद्धा देत नाहीस. एवढं काय केलंय मी?" असं तो एकदा चिडून म्हणाला, तेही तिला त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं. कामाचा ताण आहे, असं तिने सांगितलं. भीती वाटत नव्हती असं नाही. आंघोळ करताना, पाणी अंगावर पडत असताना, तिला धडकी भरायची. पण भीतीला नाव दिलं की ती खरी होते, म्हणून ती टॉवेल गुंडाळून बाहेर यायची ती थेट स्पीकरच्याच गोष्टी बोलायला लागायची.

तिसऱ्या आठवड्यात तिने दिराला फोन केला. "भाऊजी, ते सराउंड आणा. पाच स्पीकरचं."

दिराला आधी ती थट्टा वाटली. सराउंडला जन्मभर हसलेली बाई ही. पाच तोंडांनी बोलणाऱ्याचं खरं कुठलं धरायचं, हे तिचंच वाक्य तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. "वहिनी, ते सिनेमा बघायला ठीक आहे हो. कामाला स्टिरिओच. दोन स्पीकर खोटं बोलत नाहीत, तुम्हीच शिकवलंत मला."

"आणा म्हटलं ना!"

तो घेऊन आला. दोन पुढे, एक मध्ये, दोन पाठीमागे, आणि टेबलाखाली घुमणारा तो मोठा डबा. ती मध्ये खुर्चीवर बसली आणि त्याने आवाज सोडला. सगळी खोली भरून गेली. कुठे भोक पडलंय ते कळेनासं झालं. तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. आवाज आवडला असेल असं वाटून दीर खूश झाला आणि चहा न घेताच गेला.

दोन दिवसांनी मास्तरांचा फोन आला. मास्तरांना दिसत नाही. प्रत्येक नाटक बाहेर पडायच्या आधी नाटकं काढणारी कंपनी ते त्यांना ऐकवते, आणि त्यांच्या कानातून काही सुटत नाही.

"बाई, ती म्हातारी डावीकडून जिना चढते की हत्ती चढतो? डावी बाजू सगळीच चढलीय."

"स्पीकर खराब होते, मास्तर. आता नवे घेतलेत. पाच आहेत."

मास्तरांनी विचारलं, "फोन कुठल्या कानाला लावलाय?"

"उजव्या."

"दुसऱ्याला लावा बघू."

तिने लावला. काही नाही. लाइन तुटल्यासारखी शांतता. ते बोलताहेत की थांबलेत, तेही कळेना. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पुन्हा उजव्या कानाशी फोन नेला तेव्हा मास्तरांचं बोलणं अर्ध्यावर आलेलं होतं.

"...तीन चष्मे बदलले मी. दुकानदाराला शिव्या घातल्या. दिसत नाही म्हणून घरात सांगायला सहा महिने लावले. बाई, आज जा. उद्यावर टाकू नका."

ती कशीबशी हो म्हणाली आणि तिने दिराला बोलावून घेतलं. कान दाखवायचाय, एवढंच सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाच्या वेळी तिने भराभर दाबलं. डाव्याच्या वेळी बटणावर बोट ठेवून ती वाट बघत बसली.

"कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

ती मनात मोजायला लागली. पहिली जोडी, दुसरी जोडी, मग हा पाचाचा संच. "चोवीस दिवस."

लिहिता लिहिता डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. "असा कान अचानक जातो तेव्हा लगेच औषध सुरू केलं तर पुष्कळदा परत येतो. जितका उशीर, तितकी आशा कमी. गोळ्या देते. पण फार आशेवर राहू नका. इतके दिवस कशासाठी थांबलात?"

दीर दारापाशी उभा होता, त्याने सगळं ऐकलं.

जिना उतरून ती दोघं रस्त्याला लागली. तो तिच्या शेजारून चालत होता. एरवी हा माणूस गप्प बसेल तर शपथ, आणि आज एक शब्द बोलत नव्हता. रागावलाय, तिला वाटलं. तीन आठवडे आपण त्याला येरझाऱ्या घालायला लावल्या, रागावणारच. कोपऱ्यावर गाड्यांसाठी थांबावं लागलं तेव्हा तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. डोळे ओले होते, माफी मागावी तसे हात जोडल्यासारखे झाले होते. जिन्यापासून इथपर्यंत तो तिच्या डावीकडून सारखा बोलत आला होता.

"भाऊजी, या बाजूला या," ती म्हणाली. "मला तिकडून ऐकू येत नाही."