डाव्या बाजूची हवा

टायरच्या दुकानात प्लास्टिकच्या खुर्चीवर दीड तास बसायची मला काडीची हौस नव्हती. शनिवार होता, माझ्या बँकेला सुट्टी होती आणि मला घरी जाऊन फक्त आडवं व्हायचं होतं. पण नवरा त्या दिवशी बोलत होता. स्ट्रोकनंतरच्या पाच महिन्यांत इतकं सलग बोलताना मी यांना ऐकलं नव्हतं. म्हणून मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं.

दुकानदारानं हौसेनं खोल खाचांचे, दांडगे टायर काढून समोर ठेवले. "सर, ये देखिए, इससे तो पहाड़ भी चढ़ जाइएगा." यांनी एका टायरवरून हात फिरवला आणि मान हलवली. "भैया, ये कीचड़ का है. बालू में ये फावड़े का काम करेगा." मग माझ्याकडे वळून मराठीत समजावायला लागले. चिखलात टायरनं खणत खणत खालची कडक जमीन गाठायची असते. वाळूला तळच नसतो, तिथे खणलं की गाडी खाली जाते. वाळूत वर राहायचं असतं. त्यासाठी खाचा कमी हव्यात, रिम एक इंचानं लहान हवी आणि रबराची बाजू उंच हवी, म्हणजे हवा काढली की टायर उंटाच्या पावलासारखा पसरतो. दुकानदारानं निमूट दुसरे टायर काढले. मला म्हणाला, "भाभीजी, सर इंजीनियर हैं क्या?"

"रेलवे में थे," मी म्हटलं.

वाळू हा यांचा विषय झाला तो एका फजितीतून. आम्ही दोघं रत्नागिरीकडचे, समुद्राकाठी वाढलेले. आमच्या लेखी वाळू म्हणजे ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू. तिच्यावरून सायकल, स्कूटर, काहीही जातं. लग्नानंतर यांचं पहिलं पोस्टिंग राजस्थानात झालं, आणि 'वाळू काय आम्हाला नवीन आहे' असं म्हणत यांनी ऑफिसची जीप वाळूच्या टेकडीवर घातली ती चारही चाकं पोटापर्यंत रुतवूनच थांबले. तिथल्या एका म्हाताऱ्या ट्रॅकमननं आधी पोटभर हसून घेतलं आणि मग हवा सोडायला शिकवलं. पुढची आठ वर्षं हे त्या वाळूत गाडी चालवत होते. लखनौला बदली होऊन आम्ही सरोजिनी नगरात घर घेतलं, हे रिटायर झाले, तरी पाहुण्यांना चहाबरोबर वाळूच मिळायची.

आणि आता यांना परत राजस्थानात जायचं होतं. स्वतः गाडी चालवत. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मार्चमधल्या एका तारखेभोवती यांनी गोल केला होता. त्या दिवशी स्ट्रोकला सहा महिने पुरे होत होते, आणि सहा महिन्यांनी गाडी चालवायची परवानगी मिळणार होती.

ही परवानगी म्हणजे मी मारलेली थाप होती. डॉक्टरांनी यांना बाहेर बसवून मला एकटीला सांगितलं होतं, की मॅडम, डावीकडचं यांना दिसत नाही आणि दिसत नाही हेही यांना कळत नाही. हे आता सुधारायचं नाही. ड्रायव्हिंग कायमचं बंद, तुम्ही घरी नीट समजावा. बाहेर आले तर हे बाकावर बसून विचारत होते, "गाडीचं काय म्हणाले?" माझ्या तोंडातून निघून गेलं, "सहा महिन्यांनी बघू म्हणाले." तेवढी एक रात्र यांना नीट झोप लागावी, इतकाच माझा हिशेब होता. त्यानंतर रोज सांगायचं ठरवायचे आणि रोज राहून जायचं. बंगलोरहून मुलगा फोनवर म्हणायचा, "मम्मी, बता दो ना पापा को, यार." फोनवरून सांगायला काय जातंय. मी सकाळी यांचे व्यायाम करून घ्यायचे, दिवसभर बँकेत, संध्याकाळी फिजिओथेरपी. ताटातली उजवीकडची भाजी संपली की न बोलता ताट फिरवून द्यायचे, म्हणजे डावीकडची उजवीकडे येई. यांना वाटायचं, मी आणखी वाढलं. मी इतकी थकले होते, की खरं बोलायलाही अंगात जोर लागतो हे मला तेव्हाच कळलं.

टायर बसले आणि दुसऱ्याच रविवारी यांनी फर्मान काढलं. उन्नावच्या पुढे गंगेची रेती आहे, तिथे टायर बघून येऊ. "तू फक्त स्टिअरिंग धर. डोकं माझं." मी हो म्हटलं. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

नदी लांब एका कडेला सरकली होती आणि मधे नुसती पांढरी, कोरडी रेती पसरली होती. काकडी-खरबुजाच्या वाड्या लावलेल्या होत्या, कोवळ्या वेलांना वाऱ्यापासून आडोसा म्हणून गवताच्या ओळी रोवलेल्या. कच्चा रस्ता संपला तिथे यांनी मला थांबवलं. "इंजिन चालू ठेव. हवा पस्तीस आहे, अठरावर आणतो."

हे उतरले, डिकीतून हवा मोजायचं मीटर काढलं आणि माझ्या बाजूच्या मागच्या चाकाशी बसले. मला हे आरशात दिसत होते, हवेचा फुसकारा ऐकू येत होता. मग माझ्या बाजूचं पुढचं चाक. मी खिडकीतून डोकं काढून विचारलं, "दमलात का?" "छे गं." चेहरा असा उजळला होता की वीस वर्षं कमी वाटावी. मग उठले, बॉनेटवरून हात फिरवत पुढून वळले, डाव्या पुढच्या चाकाला जवळजवळ घासून गेले आणि दार उघडून शेजारी येऊन बसले.

"चारही झाली. चल."

झाली होती दोन. मला दिसत होतं. डाव्या बाजूची दोन्ही चाकं तशीच टणक होती. 'अहो, डावीकडची राहिली,' एवढंच म्हणायचं होतं. ते मी म्हटलं नाही. का, याचं उत्तर मी स्वतःला बरेचदा देऊन पाहिलंय, आणि ते फारसं चांगलं नाही. मला वाटलं, मी कशाला सांगू, वाळूच सांगेल. पाच महिने जे माझ्याच्यानं झालं नाही ते तिनं करावं आणि मी सुटावं.

"पहिल्यात नको, दुसऱ्यात घे. एकसारखा वेग. ब्रेकला पाय लावायचा नाही. वळायचं तर लांबून वळ." मी तसंच केलं. पन्नास-साठ पावलं गाडी बरी गेली, मग स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. "पकड सरळ, सरळ!" मी जोर लावला, तेवढ्यात डावी बाजू खाली बसत गेली आणि गाडी तिरकी होऊन थांबली.

"ॲक्सिलरेटर सोड! चाकं फिरली तर आणखी खाली जाईल. ओढत होतीस कशाला डावीकडे?"

वाडीतून एक माणूस फावडं घेऊन आला, त्याच्यामागे त्याची बायको डोक्यावर घागर घेऊन येऊन उभी राहिली. माणसानं वाकून डावीकडची चाकं बघितली, मग पलीकडे जाऊन उजवीकडची बघितली. "बाबूजी, इधर की हवा तो आप निकाले ही नहीं हैं."

"चारों निकाली है," हे म्हणाले.

"नहीं बाबूजी. देख लीजिए."

हे उतरले. वाळूत गुडघे टेकून मान पूर्ण वळवली आणि चाक हातानं चाचपलं. मीटर लावलं. पस्तीस. मागच्या चाकापाशी सरकले. तेही पस्तीस. मी उतरून शेजारी जाऊन उभी राहिले. मला वाटलं होतं, मला हायसं वाटेल. तसलं काही वाटलं नाही, नुसती शरम वाटली.

"तू आरशातून बघत होतीस," यांनी विचारलं नाही, सांगितलं.

"हो."

"आणि बोलली नाहीस."

"नाही."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, त्या माणसासमोर, मराठीत. थाप कशी मारली तेही सांगितलं. हे ऐकत होते आणि अंगठ्यानं व्हॉल्व्हवरची वाळू पुसत होते. मला वाटलं, आता चिडतील, आणि चिडले असते तर मला बरंच झालं असतं. हे एवढंच म्हणाले, "अच्छा." मग दोन्ही चाकांची हवा काढायला बसले, मीटर बघून, अठरावर आल्यावर पुन्हा एकदा बघून. त्या माणसानं चाकांपुढची-मागची वाळू उपसली आणि चाकांखाली रिकामी पोती सरकवली. यांनी मला रिव्हर्स घ्यायला सांगितलं, आलो त्याच चाकोरीतून, हळू, चाक न वळवता. गाडी पहिल्या झटक्यात वर आली. यांचं वाळूबद्दलचं सगळं बरोबरच होतं.

माणूस पोती गोळा करून वाडीत परत गेला. पुढे रेती मोकळी पसरली होती आणि मला काय झालं कोण जाणे, मी उतरून दार उघडं धरलं. "घ्या," मी म्हटलं. "थोडंसंच. इथे कोण येतंय. मी शेजारी बसते." मला खरंच तसं वाटत होतं. एकदा, फक्त शंभर पावलं.

हे दारापर्यंत आले. सीटवर हात ठेवला. पाच महिन्यांत पहिल्यांदाच यांचा हात त्या सीटला लागत होता. मग थांबले आणि समोर बघत विचारलं, "डावीकडे कोणी आहे?"

मी बघितलं. घागरवाली बाई अजून तिथेच होती, गाडीपासून दहा पावलांवर, वेलांना पाणी घालत.

"ती बाई आहे. पाणी घालतेय."

यांनी मान वळवली. खूप वळवावी लागली. तिला बघितलं. तिनं घागर खाली ठेवून पदर सावरला आणि यांच्याकडे बघून हसली.

"मला दिसली नव्हती गं," हे म्हणाले, आणि हात काढून घेऊन पलीकडच्या दाराकडे चालायला लागले.