सागाच्या फळीवरचा घोडा

आजही कुणाच्या कपाशीवर फवारणी चालली असली आणि वारा माझ्याकडे वाहत असला, की तो गोडसर, घशाला चिकटणारा वास येतो आणि मी हातातलं काम टाकून स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसतो. हाताला काही झालेलं नाही. शिक्षकाचा हात तो, खडूपलीकडे त्यानं फारसं काही सोसलेलं नाही. तरी बघतो.

गुलाबी अळीनं बोंडं आतून पोखरली त्या वर्षीची ही गोष्ट. बीटी बियाणं नवं आलं तेव्हा फवारणीची कटकट सुटली समजा, असं दुकानदार म्हणाला होता, आणि आम्ही तसं समजलो होतो. वरवट बकालजवळच्या आमच्या शेतात दरवर्षी सातपुड्यातून, अभयारण्याच्या आतल्या कोरकू गावातून, एक म्हातारे बाबा कामाला यायचे. त्या दसऱ्यानंतर ते फवारायला आले. ड्रममध्ये दोन औषधं एकत्र करायची होती. "मास्तर, ढवळाले काडी नाई भेटून राह्यली," ते म्हणाले. मला शाळेची घाई. गाडीला किक मारता मारता मी म्हणालो, "हातानंच ढवळा न बाबा, काऊन टाइम घालवता?" त्यांनी कोपरापर्यंत हात घालून ढवळलं. आमच्याकडे सगळेच असं करतात. ही समजूत मी पुढे स्वतःला किती वेळा घातली त्याला गणती नाही. तिसऱ्या दिवशी बाबा कपाशीच्या ओळीतच कोसळले. दवाखान्यातून डोंगरात परत गेले ते बरे होऊनच, असं मी धरून चाललो. तसं धरणं सोयीचं होतं.

मार्गशीर्षात त्यांचा पुतण्या निरोप घेऊन आला. "काकानं बोलावलं तुमाले. काकूची फळी बसवाची हाय." बाबांची बायको वर्षापूर्वी वारली होती. गेलेल्या माणसाच्या नावानं हे लोक सागाची फळी कोरतात, चंद्र, सूर्य आणि घोड्यावरचा स्वार, आणि गावाबाहेरच्या झाडाखाली पूर्वजांच्या फळ्यांशेजारी ती उभी करतात. तोवर ते माणूस आपल्या माणसांत जाऊन मिळत नाही, असं मानतात. त्या गावातल्या कित्येक फळ्या बाबांच्याच हातच्या. आणि अभयारण्यासाठी उन्हाळ्याच्या आत जंगलातून ते गावच उठणार होतं. ही फळी आता झाली तर झाली, नाहीतर बाई कायमची एकटी बाहेर राहणार. पुतण्या निघताना म्हणाला, "पण काकाचे हात लय थरथरून राह्यले, मास्तर."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. वनखात्याच्या नाक्यावर नाव लिहून आत शिरलं की वाट नदीच्या काठाकाठानं चढते, आणि पुढे नदी एकदम खाली घळीत उतरते. दोन्ही बाजूंना काळे उभे कडे, तळाशी हिरवं पाणी, आणि समोरच्या कड्यावरून थंडीतही टिकून राहिलेला बारीक धबधबा. याच घळीवर मी शाळेच्या सहली आणल्या होत्या. पोरांना काठापासून दूर उभं करून पाणी खडक कसा कापतं ते घसा ताणून शिकवलं होतं. झाडाखालच्या फळ्या तेव्हाही दिसायच्या. कुणी विचारलंच तर 'आदिवासींचे देव' एवढं सांगून मी मोकळा व्हायचो. त्या दिवशी मात्र धबधब्याकडे बघवेना. बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं तर काय सांगायचं, याची उत्तरं मी चढणभर जुळवत होतो आणि एकही धड जुळत नव्हतं.

बाबा अंगणात फळी मांडीवर घेऊन बसले होते. चंद्र-सूर्य कसेबसे झाले होते. घोडा अर्धा. पटाशी लाकडाला टेकवली की हात थरथरायचा आणि ती घसरायची. भोवती बसलेली माणसं जमिनीकडे बघायची. कुणी "द्या इकडे" म्हणत नव्हतं, कारण ही फळी त्यांनाच कोरायची होती. मला बघून ते म्हणाले, "या मास्तर. बसा अथी. हात धरा माहा."

मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. आतली थरथर माझ्या कोपरापर्यंत चढली. ते टोले देत गेले, मी आवळत गेलो. घोड्याची मान झाली, पाठ झाली. मागच्या पायाशी माझीच पकड सुटली आणि पाय वाकडा उतरला. मला राहवलं नाही. खाली मान घालून म्हणालो, "बाबा, हातानं ढवळा असं मीच म्हटलं होतं तुमाले."

ते पटाशीवरचा भुसा फुंकत म्हणाले, "मालूम हाय मले. म्हणून तं तुमाले बोलावलं."

दिवस मावळायच्या आत फळी बसली. पुढे गाव उठलं, घरांच्या जागी गवत वाढलं; आता तिथे हरणं चरतात म्हणे. बाबांचं नवं गाव खाली सपाटीवर, माझ्या घरापासून तासाभराच्या वाटेवर आहे. त्यांच्या हातांची थरथर थांबली का, हे मला आजवर ठाऊक नाही. ते विचारायला मी एकदाही गेलेलो नाही.