भाकरीचे बाण

मंडळी, आमचा म्हातारा परवा गेला. चूल बंद हाय, जेवण वाडीतून येतं. उद्या नातीचा महाडला गणिताचा पेपर, म्हणून आज तिला पुस्तकाला बसवली. डोमेन-रेंज तिच्या डोक्यात शिरंना.

मी म्हटलं, "मला कळंल असं सांग."

"आजी, दोन गोल काढायचे नि एकातून दुसऱ्यात बाण. ज्याच्याकडून बाण निघतो तो डोमेनमध्ये. ज्याच्याकडं पोचतो तो रेंजमध्ये."

"मग भाकरी कोणी कोणाला धाडली ते काढ गो."

तिनं काढलं. डोमेनमध्ये अख्खी वाडी, बांधावरून भांडून बोलणं टाकलेली सुमनसुद्धा. रेंजमध्ये एकच घर, आमचं.

नात रडली. मला अजून रडू येत नाय.

सुमन, तुझी टोपली धुवून ठेवलीय. चूल पेटली की भरून धाडीन. घेशील ना? बांध मात्र आमचाच हाय.