दाबून बसवणारे माझे साडू

जगातली कुठलीही वस्तू दाबली की लहान होते आणि लहान झाली की टाकावी लागत नाही, या एका समजुतीवर माझ्या साडूंनी उभा जन्म काढला आहे. कर्वेनगरच्या त्यांच्या घरात पाहुण्याला बसायला जागा नाही, पण दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, घडी घालून, वर पाटा ठेवून जपलेल्या आहेत. टूथपेस्टची नळी ते लाटण्याने लाटतात. कोपरात विरलेला तपकिरी स्वेटर गेली पंधरा वर्षं अंगात आहे. "टाकायला अक्कल लागत नाही," असं मला सुनावतात. ठेवायला लागते, असा त्यांचा दावा. मला तरी ती कधी दिसली नाही.

गेल्या डिसेंबरात त्यांचा फोन आला. "अहो, हिचा कॉम्प्युटर सुरू होत नाहीये. या जरा." ही म्हणजे माझी मेव्हणी. तिला जाऊन दोन वर्षं झाली. मराठी टाइप करायची तिची जुनी सोय नव्या कॉम्प्युटरवर चालेना, म्हणून मीच त्या नव्याच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर बसवून दिला होता. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. तिने लिहिलेलं सगळं त्यातच होतं आणि दुसरी प्रत कुठेही नव्हती. दुसरी प्रत जागा खाते ना!

"काय केलंत?" मी गेल्या गेल्या विचारलं.

"काही नाही. डिस्क भरली होती. सगळं कॉम्प्रेस केलं."

"सुरू करताना काही सूचना येते?"

"येते. मी बंद करतो ती."

धन्य आहे. भेळेचा कागदसुद्धा वाचून काढणारा हा माणूस स्क्रीनवरची दोन वाक्यं वाचत नव्हता. त्या आतल्या मशीनची डिस्क म्हणजे एक फाइलच असते; ती कॉम्प्रेस केलेली असेल तर मशीन सुरू होणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कॉम्प्रेसची खूण काढायची, एवढंच काम. मी काढायला गेलो, तर जागा अपुरी. दाबलेलं पुन्हा मोकळं व्हायला जागा लागते, आणि दाबून मिळालेली जागा साहेबांनी लगेच भरून टाकली होती. कशाने, तर सोसायटीची लिफ्ट बंद असल्याच्या पाट्यांचे फोटो आणि व्हिडिओ. नऊ वर्षांचे.

"हे उडवू या."

"पुरावा आहे तो."

"कशाचा?"

"लिफ्ट बंद होती याचा."

मी चपला घालायला उठलो. तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, "उडवा." आणि मी उडवत असताना खिडकीकडे तोंड करून बसले.

खूण निघाली, मशीन सुरू झालं. पाककृती असतील म्हणून उघडलेल्या पहिल्याच फाइलचं नाव होतं, 'यांना न विचारता टाकलेल्या वस्तू'. तुटकी छत्री, भंगारवाल्याला. बिनझाकणाचे अकरा डबे, दोन खेपांत. अशी पानंच्या पानं. मला हसू आवरेना. साडू चष्मा लावून एकेक ओळ वाचत होते. "कुकरही हिनेच दिला होय," असं मधेच म्हणाले. शेवटची नोंद अशी होती: 'तपकिरी स्वेटर कामाच्या मावशींना दिला. हे दोन दिवस शोधत होते, नीट जेवले नाहीत. परत मागून आणला.'

"मला म्हणाली, माळ्यावर सापडला," साडू म्हणाले आणि अंगातल्या स्वेटरची बाही खाली ओढत राहिले. इतकी वर्षं मी या माणसाची टर उडवत आलो. त्या दिवशी मी ती फाइल जपून बंद केली.

निघताना ते दारापर्यंत आले. "हिचं आता दाबायचं नाही," म्हणाले. "जागा कमी पडली की तुम्ही येत जा, आणि मला न विचारता काहीतरी टाकत जा."